आमची वाटचाल : आधी चहाची चौकशी, मग वाइन

राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ साली आलं आणि नाशिकच्या आसपास वायनरी उभ्या राहू लागल्या. आमची छोटी वायनरी त्याच लाटेतली. सुरुवातीला चाखायला आलेल्या प्रत्येकापुढे एकच क्रम मांडायचो : ड्राय (म्हणजे जवळजवळ गोडवा नसलेली) पांढरी, मग ड्राय लाल. शिराझ या लाल वाइनचे ग्लास अर्धे परत यायचे. वाइनमध्ये खोट नव्हती, समोरच्या जिभेला आजवर कशाची सवय आहे हेच आम्ही विचारत नव्हतो.

आता पहिला प्रश्न, चहा कसा घेता? चहात आणि लाल वाइनमध्ये तुरटपणा येतो तो टॅनिनमुळे. दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे दुधाच्या चहावर वाढलेल्या जिभेला उघडा तुरटपणा झोंबतो. कोरा चहा पिणारे लाल वाइनला सहसा बिचकत नाहीत. बाकीच्यांना शिराझसोबत चीजचा तुकडा देतो. दुधाचं काम तिथे चीज करतं.

कोल्ड्रिंकवाल्यांचं गणित वेगळं. कोलामध्ये लिटरला शंभर ग्रॅमच्या वर साखर, ड्राय वाइनमध्ये चारपेक्षा कमी. एकदम एवढं खाली उतरवलं की वाइन नुसती आंबट लागणार. म्हणून चेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या एका टाकीत लिटरला १५ ते २० ग्रॅम साखर शिल्लक ठेवतो. आंबताना यीस्ट साखर खात जातं, त्याला मध्येच थांबवायचं. साखर तिथवर उतरली की टाकी २-३ अंशांपर्यंत थंड करायची, यीस्टला रोखणारं सल्फाइट द्यायचं, तळाशी बसलेल्या गाळावरून वाइन काढून घ्यायची आणि बाटलीत भरताना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून न्यायची. इथे कुचराई चालत नाही. थोडं जरी यीस्ट निसटलं तर बाटलीत पुन्हा आंबवण सुरू होतं, वाइन गढूळ होते, बूच वर सरकतं. या गोडसर वाइननंतर ड्राय द्यायची तर मध्ये पाणी आणि साधा पाव हवाच, कारण गोडावर ड्राय आणखी आंबट लागते.

व्हिस्की-सोडावाल्यांना वाइन पातळ वाटते आणि ते भराभर पितात. त्यांना आम्ही हिशेब सांगतो : १३ टक्क्यांच्या १५० मिली वाइनमध्ये साडेएकोणीस मिली अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीच्या ३० मिलीच्या दीड पेगांत असतो तेवढा.

बिअरवाल्यांना सगळंच गारठलेलं लागतं. त्यांची सुरुवात स्पार्कलिंगने, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनने, ६ ते ८ अंशांवर. लाल मात्र तितकी गार केली की तुरटपणा टोचायला लागतो. तिला १६ ते १८ अंश पुरे. एप्रिलमध्ये खोलीच ३५ अंशांवर असते आणि तशी वाइन ओतली तर नाकाशी फक्त अल्कोहोल येतो. त्यासाठी बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत बाटली १५-२० मिनिटं ठेवतो. नुसता बर्फ नको, तो बाटलीला सगळीकडून भिडत नाही.

टेबलावरचा तिखट चखणाही आम्ही काढून टाकला. तिखटाने अल्कोहोल जास्त जाळतो. खारे शेंगदाणे ठेवले आहेत, मिठाने लाल वाइनचा कडवटपणा मवाळ होतो.