पोरं भरपूर आहेत हो, पण गिम्पचं इंजिन उघडणार कोण?

गणपती पेठेत लग्नपत्रिका छापणारा माझा एक मित्र आहे, त्याचा गिम्पवर, म्हणजे फोटो-चित्रं एडिट करायच्या फुकट, ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणीही बघू-बदलू शकतो) सॉफ्टवेअरवर जुना राग. कारण एकच, त्यात सीएमवायके मोड, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबानं रंग धरायची सोय, नाही. स्क्रीनवर कुंकवासारखा भडक लाल दिसतो आणि ऑफसेटवर चार प्लेटा पडल्या की तोच विटकरी होऊन बाहेर येतो, मग पोरीचा बाप दुकानात येऊन बोलतो ते वेगळंच. गिम्प ३.० मध्ये छपाईत रंग कसा येईल ते आधी बघता येतं, फाईलही सीएमवायकेमध्ये काढता येते, पण चित्र आत आरजीबीच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या हिशेबातच राहतं. म्हणजे त्याची तक्रार खरीच आहे.

त्याचं म्हणणं, "मर्दा, वालचंद इंजिनिअरिंगमधनं दरवर्षी एवढी पोरं बाहेर पडत्यात, दोनचार बसवा की ह्यावर, एका सुट्टीत हुतंय बघ."

नाही होत. जीटीके ही बटणं-मेनू काढायची लायब्ररी मुळात गिम्पसाठीच जन्माला आली, पुढं ती लिनक्सवरच्या गनोम या अख्ख्या डेस्कटॉपची झाली. तिची तिसरी आवृत्ती आली २०११ ला, आणि गिम्प तिच्यावर पोचलं मार्च २०२५ मध्ये! तोवर जीटीके ४ येऊनसुद्धा चार वर्षं उलटली होती. आळस नव्हे हा, एवढा जुना सी मधला कोड आतून माहीत असलेली माणसं बोटावर मोजण्याएवढी, आणि तीच माणसं बग पण बघणार, रिलीज पण काढणार, नवख्यांना उत्तरं पण देणार. गेगल म्हणून त्याचं जे चित्रावर प्रक्रिया करणारं इंजिन आहे ते सुरू झालं २००० साली, गिम्पचं जवळपास सगळं काम त्याच्यावर आलं २०१८ ला. सीएमवायके मोड म्हणजे ब्रश, लेयर, सिलेक्शन, फिल्टर सगळीकडे हात घालावा लागणार, आणि कुठं हात घातला की कुठं काय मोडतं हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, ते त्याच कोडमध्ये चारपाच वर्षं काढल्यावरच कळतं.

नवी पोरं येतात हो, पण मेनूतलं स्पेलिंग, भाषांतर, फार तर एखादा छोटा बग. पहिला मोठा पॅच (कोडमधला बदल) टाकला की तो तपासायला जुन्या माणसाची संध्याकाळ जाते, आणि पोरगं कामाला यायला लागतं तोवर त्याला ऑफर लेटर आलेलं असतं. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरभर ओपन सोर्सला हातभार लावायच्या उपक्रमात, तर टीशर्टसाठी लोकांनी रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या) फाईलमध्ये काहीबाही दोन शब्द घालून एवढे पुल रिक्वेस्ट (आमचा बदल घ्या अशा विनंत्या) पाठवले की आयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टची तयारी असेल त्यांचेच मोजायचे म्हणून. त्यात आपल्याकडची पोरं पुष्कळ होती, लाज वाटली खरं सांगायचं तर.

आणि माणूस एकटा पडला की काय होतं ते एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये दिसलं. दमलेला एकच मेंटेनर (कोड सांभाळणारा), त्याला दोनेक वर्षं गोड बोलून मदत करणारा जिया तान नावाचा कोणीतरी, शेवटी त्याच्या हातात किल्ल्या आल्या आणि त्यानं चोरून आत शिरायचं मागचं दार बसवून ठेवलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं म्हणून सापडलं, नाहीतर कल्याणच होतं.

मला विचाराल तर अनुभवी माणसं नाहीतच असं नाही, ती दुसरीकडं अडकलीत. विश्रामबागेत, मिरजेत, इस्लामपुरात घरून काम करणारे बारा-पंधरा वर्षं सी आणि सी प्लस प्लसमध्ये घालवलेले लोक मी ओळखतो, कोणाचा शनिवार रिलीजमध्ये जातो, कोणाच्या करारात लिहिलंय की नोकरीत असताना घरी लिहिलेला कोडसुद्धा कंपनीचा, परवानगी घ्या. मॅनेजरला विचारलं की तो एचआरकडं, एचआर लीगलकडं, आणि लीगलचं उत्तर काय येतच नाही. एकाला तर तोंडी हो म्हणाले, लिहून द्या म्हटल्यावर गप्प.

तर वाचणाऱ्यांपैकी कोणी ओपन सोर्सवर काम करायची अशी लेखी परवानगी खरंच मिळवली असेल तर मेल कसा लिहिला होता, कोणाला लिहिला होता ते खाली टाका राव. आमच्याकडं निदान तिघंजण थांबलेत त्याच्यासाठी.