तोरणमाळच्या वाटेवर: चारही चाकांना ताकद कशी मिळते

जळगावहून निघून विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात आणि चोपड्यापासून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गाने शिरपूरमार्गे शहादा गाठता येते. श्रावणात या वाटेवर उजव्या हाताचा सातपुडा ढगांत असतो. गाडी माझ्या मेहुण्यांची होती, ग्रँड व्हिटाराचा ऑलग्रिप प्रकार. त्यात ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार मोड आहेत. चारही चाकांना ताकद पोहोचवणारी ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी वागते, हे पाहण्याची मला मनापासून उत्सुकता होती आणि खानदेशची काळी जमीन व तोरणमाळचा घाट यांहून चांगली परीक्षा मला सुचत नव्हती.

महामार्गावर या यंत्रणेचे काम फारसे जाणवत नाही. आजच्या बहुतेक कौटुंबिक एसयूव्हींत इंजिन आडवे बसवलेले असते आणि ताकद मुख्यतः पुढच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्सला लागून असलेल्या एका पेटीतून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद मागे नेणारा फिरता दांडा, मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) अलीकडे अनेक चकत्यांचा, तेलात बुडालेला क्लच असतो; मोटारसायकलचा क्लचही बहुधा याच जातीचा असतो, फक्त इथे तो दाबायचा की सोडायचा हे संगणक ठरवतो. चकत्या जितक्या घट्ट दाबल्या जातील तितकी ताकद मागे जाते आणि सोडल्या की गाडी जवळपास पुढच्या दोन चाकांवर चालते, त्यामुळे इंधनाची बचत होते. हाल्डेक्स नावाने ओळखला जाणारा, संगणकाच्या हुकमावर चालणारा असा क्लच 1998च्या सुमारास आउडी आणि फोक्सवॅगनच्या गाड्यांत आला आणि पुढे हीच रचना घरोघरीच्या गाड्यांत रुळली.

शहाद्याहून तोरणमाळकडे जाताना म्हसावदजवळ मेहुण्यांच्या मित्राची पपईची बाग आहे. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि बांधावरून बागेकडे जाणारी वाट निव्वळ काळ्या मातीची होती. बांधावर उभ्या असलेल्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी हाक मारून सांगितले, “काळी माटी शे भाऊ, धीरे धीरे काढा.” पहिल्याच चढावर पुढचे डावे चाक जागेवर फिरू लागले. इथे डिफरन्शियलचा स्वभाव आडवा येतो: साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देते, म्हणून चिखलातल्या चाकाला जेवढा टॉर्क पेलवतो तेवढाच दुसऱ्या चाकाच्याही वाट्याला येतो आणि घट्ट जमिनीवरचे चाक सामर्थ्य असूनही गप्प राहते. एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चारही चाकांचा वेग सतत मोजत असतात; एक चाक इतरांपेक्षा जोरात फिरताना दिसले की संगणक त्याच चाकाला ब्रेक लावतो, त्या ब्रेकच्या विरोधामुळे टॉर्क वाढतो आणि तो त्याच धुरेवरच्या दुसऱ्या बाजूच्या चाकालाही मिळतो. त्याच वेळी मागचा क्लच दाबला जातो. मेहुण्यांनी मागच्या चाकांनाही ताकद देत राहणारा लॉक मोड लावला, ॲक्सिलरेटर एकसारखा हलका ठेवला, ब्रेकची करकर खालून ऐकू आली आणि गाडी मागून ढकलल्यासारखी चढ चढून गेली.

वर पोहोचल्यावर मी खाली उतरून टायर पाहिले. खाचांमध्ये काळी माती गच्च बसून टायर अगदी गुळगुळीत झाला होता. यंत्रणा किती ताकद कुठे द्यायची एवढेच ठरवू शकते. जमीन धरण्याचे काम शेवटी तळहाताएवढ्या रबराचे आहे, आणि ते मातीने झाकले गेले तर चारही चाके मिळून घसरतील. शिवाय असा क्लच फार वेळ घासत राहिला तर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी काही काळ सुटतो. म्हणून चिखलात इंजिन पिळत राहण्यापेक्षा थांबून वाट पाहणे शहाणपणाचे.

राणीपूरनंतर घाट सुरू झाला आणि सातपायरीच्या वळणांवर मेहुण्यांनी पुन्हा ऑटो मोड लावला. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणून पुढच्या-मागच्या धुरांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मुभा लागते. सैल सुटणारा क्लच ती मुभा देतो. थारसारख्या गाडीत पुढच्या-मागच्या धुरांमध्ये असा फरक सामावणारे मधले डिफरन्शियल नसते, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून ठेवले तर शाफ्ट आणि गिअर यांच्यावर ताण येतो. मात्र तिच्याजवळ लो रेंज, म्हणजे हळू वेगात जास्त जोर देणारे जादा गिअर, असते, जी आमच्या गाडीत नव्हती. धुक्यात ओल्या वळणांवरून वर चढताना मागच्या चाकांचा आधार स्पष्ट जाणवत होता. यशवंत तलावाच्या काठी चहा घेऊन परत उतरताना मात्र मी मेहुण्यांना वारंवार वेग कमी करायला सांगत होतो, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात आणि ओल्या उतारावर थांबण्याच्या बाबतीत ऑलग्रिपवाली गाडी इतरांपेक्षा रतीभरही सरस नसते.

शहाद्यात हवा तपासताना टायरवाल्यांनी पुढचे दोन टायर झिजल्याचे दाखवले आणि तेवढेच बदलू का, असे विचारले. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो. पुढचे नवे आणि मागचे जुने असा फरक मोठा झाला तर सरळ रस्त्यावरही मागच्या-पुढच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि क्लच विनाकारण घासत राहतो. म्हणून आम्ही चारही टायरच्या खाचांची खोली मोजून घेतली, आणि जळगावला पोहोचल्यावर चारही एकाच मापाचे, एकाच बनावटीचे बसवायचे ठरले.