बॅकअपची वाट बदलली तेव्हा

रामदासपेठेतल्या एका रुग्णालयाचं आयटी मी सांभाळतो. ईएसएक्सआयचे (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालवणाऱ्या प्रणालीचे) तीन होस्ट, त्यांच्यामागे आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क पुरवणारं) स्टोरेज आणि या दोघांमध्ये फक्त स्टोरेजसाठी राखून ठेवलेले १० गिगाबिटचे दोन स्विच, एवढी आमची यंत्रणा. बॅकअपसाठी वेगळा विंडोज सर्व्हर आहे, त्यावर वीम हे बॅकअपचं सॉफ्टवेअर चालतं आणि बॅकअपच्या फायली त्याच्याच डिस्कवर राहतात. शनिवारी रात्री डेटाबेसची देखभाल असते, म्हणून आठवड्याचा फुल बॅकअप रविवारी रात्री लागायचा. तो सोमवारी दुपारपर्यंत संपत नसे.

सोमवारची ओपीडी म्हणजे काय, ते नागपुरातल्या कुठल्याही दवाखान्यात काम करणाऱ्याला ठाऊक आहे. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, पलीकडून बालाघाट, छिंदवाडा, सगळीकडून माणसं पहाटेच्या गाडीने निघून येतात. त्यांची रांग नोंदणी खिडकीशी लागलेली असताना आतून फोन यायचा, "दादा, स्क्रीन पुन्हा थांबली, जरा पाहून द्या ना!"

कारण बॅकअपमध्येच होतं. व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप सुरू होताना तिचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती) घेतला जातो आणि तेव्हापासूनचे सगळे बदल वेगळ्या फायलीत साठत जातात. बॅकअप संपला की ती फाइल मूळ डिस्कमध्ये मिसळावी लागते, आणि शेवटच्या टप्प्यात मशीन काही क्षण गोठते. बॅकअप जितका लांबेल तितकी ती फाइल फुगते, आणि गोठण्याचा काळही वाढतो. आमच्या डेटाबेसचं हे मिसळणं नेमकं ओपीडीच्या गर्दीत होत होतं.

नवा बॅकअप सर्व्हर घ्या, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी आधी जॉबचा अहवाल उघडला. वीम तिथे सोर्स (जिथून वाचायचं), प्रॉक्सी (मधे डेटा हाताळणारा), नेटवर्क आणि टार्गेट (जिथे लिहायचं) यांपैकी कोण किती टक्के गुंतलेलं आहे ते दाखवतं. आमच्याकडे सोर्स सगळ्यांच्या वर होता. शिवाय प्रत्येक डिस्कच्या ओळीत चौकटी कंसात एनबीडी लिहिलेलं होतं. म्हणजे डेटा होस्टच्या मॅनेजमेंट (देखरेखीच्या) नेटवर्कवरून येत होता, आणि ते नेटवर्क १ गिगाबिटचं. १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट, प्रत्यक्षात ११०-११५. आमचा फुल बॅकअप साधारण ६ टेराबाइटचा. ११५ ने भाग दिला की साडेचौदा तास होतात. सर्व्हर कितीही नवा आणला तरी हे गणित बदलणार नव्हतं. वर्धा रोडचे ट्रक बाहेरचा रिंग रोड सोडून व्हरायटी चौकातून काढावेत, तसं आमचं चाललं होतं. मोकळा १० गिगाबिटचा रस्ता शेजारीच होता.

म्हणून ठरवलं की बॅकअप सर्व्हरलाच स्टोरेजच्या नेटवर्कमध्ये घ्यायचं. मग तो होस्टला न विचारता स्टोरेजवरचे ब्लॉक थेट वाचतो. होस्ट सांभाळणाऱ्या व्हीसेंटरशी बोलणं फक्त स्नॅपशॉट घेण्यापुरतं आणि कुठले ब्लॉक वाचायचे ते कळण्यापुरतं उरतं. खरेदी छोटीच होती: दोन पोर्टचं १० गिगाबिट कार्ड आणि दोन डॅक केबल. रॅक एकच असल्यामुळे छोटी तांब्याची केबल पुरली. ती स्वस्त पडते आणि तापतही नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना सर्व्हर रूमचा एसी आधीच धापा टाकतो, त्यामुळे मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

खरी काळजी पुढे होती, आणि हे करणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबून नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. स्टोरेजमधून होस्टला कापून दिलेल्या डिस्कला आम्ही लन म्हणतो. त्या लनवर रुग्णालयाच्या सगळ्या मशीन असतात, आणि तीच लन आता एका विंडोज सर्व्हरला दिसणार असते. विंडोजला ईएसएक्सआयची व्हीएमएफएस ही फाइल व्यवस्था कळत नाही. त्याला ती अनोळखी डिस्क वाटते, आणि डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ‘इनिशिअलाइझ’ करू का, असं विचारलं जाऊ शकतं. तिथे कुणी हो म्हटलं तर डिस्कवरची ओळख पुसली जाते आणि चालू डेटास्टोअर (मशीनच्या फायलींचा साठा) हातचा जातो.

म्हणून क्रम असा ठेवला. केबल लावण्याआधी डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनात जाऊन ऑटोमाउंट (डिस्क आपोआप जोडणं) बंद केलं, जुन्या नोंदी स्क्रबने साफ केल्या आणि सॅन पॉलिसी ऑफलाइन शेअर्ड केली, म्हणजे नव्याने दिसणारी सामायिक डिस्क विंडोज आपणहून ऑनलाइन घेत नाही. मग स्टोरेजवर बॅकअप सर्व्हरचा आयक्यूएन (आयस्कझीतली ओळख) नोंदवला आणि त्याला लन फक्त वाचण्यापुरत्या दिल्या. ही सोय तुमच्या स्टोरेजमध्ये असेल तर ती वापराच. रॅन्समवेअर उद्या बॅकअप सर्व्हरवर पोचलं, तर लिहिण्याचा हक्क असलेली लन त्याच्या हातात आयती पडते. त्याच कारणाने हा सर्व्हर आम्ही डोमेनच्या (सामायिक लॉगिन व्यवस्थेच्या) बाहेर ठेवला आहे.

स्टोरेजच्या दोन्ही पोर्टना वेगवेगळे सबनेट दिले. गेटवे दिला नाही आणि डीएनएसमध्ये त्यांची नोंद होऊ दिली नाही, नाहीतर सर्व्हरच्या नावाला स्टोरेजचा पत्ता चिकटतो. एमपीआयओ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा एकत्र धरणारी सोय) चालू केलं, कारण त्याशिवाय प्रत्येक लन दोनदा दिसते.

जम्बो फ्रेमने (नेटवर्कवरच्या मोठ्या आकाराच्या पाकिटांनी) मात्र घाम काढला. होस्ट, स्टोरेज आणि नवं कार्ड, तिन्हीकडे एमटीयू (एका पाकिटाची कमाल मर्यादा, बाइटमध्ये) ९००० होता. साधा पिंग जायचा, आयस्कझीचं लॉगिनही व्हायचं, पण वाचन सुरू झालं की ते अडकायचं. नेटवर्क सांभाळणारा सहकारी म्हणाला, "भाऊ, आठ हजार नऊशे बहात्तरचा पिंग टाकून पाहा, तुकडे न करता." ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात. एका पोर्टवरून तो पिंग गेला, दुसऱ्यावरून नाही. त्या बाजूच्या स्विचच्या नव्या पोर्टवर एमटीयू कारखान्यातून आला तसा १५०० च होता. तो ९२१६ केला आणि वाचन सुरळीत झालं.

पुढच्या जॉबमध्ये डिस्कच्या ओळीत एनबीडीऐवजी सॅन (स्टोरेजमधून थेट वाचन) दिसलं. वेग सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या आसपास राहिला आणि पूर्ण बॅकअप साडेतीन तासांच्या आत संपला. मिसळण्याचं काम आता पहाटेच उरकतं. सोमवारी खिडकीवरून फोन येत नाही, याचा मला वेगापेक्षा जास्त आनंद आहे.

लन फक्त वाचण्यापुरत्या असल्यामुळे डेटा परत आणताना तो जुन्याच, १ गिगाबिटच्या वाटेने येतो. हे आम्ही समजून स्वीकारलं. तातडीच्या वेळी मशीन थेट बॅकअपच्या फायलीतून चालू करता येते आणि हलवण्याचं काम मागाहून होतं. ते आम्ही डेटाबेसच्या प्रतीवर करून पाहिलं, आणि नोंदणी विभागातल्या ताईंनी जुने केसपेपर उघडून खात्री केली.

ज्यांच्याकडे व्हीसॅन (होस्टच्याच डिस्क जोडून केलेलं सामायिक स्टोरेज) आहे किंवा मशीन होस्टच्या स्वतःच्या डिस्कवर आहेत, त्यांना ही थेट वाट मिळत नाही. त्यांनी बॅकअप प्रॉक्सी होस्टवरच व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवून तिलाच डिस्क जोडून वाचणारं हॉटअ‍ॅड वापरावं. नाहीतर व्हीस्फिअर (ईएसएक्सआय आणि व्हीसेंटरचा संच) ७ पासून व्हीएमकर्नल पोर्टला (होस्टच्या स्वतःच्या नेटवर्क पोर्टला) बॅकअप एनएफसीची (बॅकअपच्या वाहतुकीची) खूण देता येते. तो पोर्ट १० गिगाबिटवर ठेवला की एनबीडीची वाहतूक मॅनेजमेंटवरून हटते.

आमच्या अहवालात आता टार्गेट सगळ्यांच्या वर आलंय, म्हणजे बॅकअप सर्व्हरच्या डिस्क लिहायला पुरत नाहीत. पुढच्या आर्थिक वर्षाच्या खरेदीत त्यासाठी जादा डिस्कची मागणी टाकली आहे.