सोलापुरात बिनचाकाची भांडी

सोलापुरात कुंभारकाम म्हटलं की संक्रांतीची सुगडं आठवतात. आम्ही पाहायला गेलो ते काम मात्र चाकाशिवायचं: पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतून केलेले कप. पत्र्याच्या शेडमध्ये दारापासून भिंतीपर्यंत साचेच साचे.

सगळी मेख घोळात, म्हणजे या ओतायच्या पातळ मातीत. चायना क्ले, बॉल क्ले या माती आणि फेल्डस्पार, क्वार्ट्झ ही खनिजं असं 10 किलो कोरडं मिश्रण आणि पाणी जेमतेम 4 लिटर. एवढ्या पाण्यात एरवी चिखलच व्हायचा. तो बासुंदीसारखा वाहतो 30-40 ग्रॅम सोडियम सिलिकेटमुळे. सिलिकेट आधी पाण्यात, माती मागून थोडी थोडी. वजनकाटा हवाच, कारण सिलिकेट जास्त झालं की घोळ उलट घट्ट होतो, कप साच्यातून सुटत नाही आणि साचाही लवकर खराब होतो. 1 लिटर घोळ 1,750 ते 1,800 ग्रॅम भरला की जमलं. मग गाळून रात्रभर ठेवायचा, नाहीतर बुडबुड्यांची टाचणीएवढी भोकं भाजल्यावर दिसतात.

ओतताना धार तुटू द्यायची नाही. तुटली तर कपावर आडवी रेघ उमटते. प्लास्टर पाणी पीत जातं, पातळी खाली जाते, वरून भर घालत राहायची. 15-20 मिनिटांत 4-5 मिलिमीटरचा थर धरतो. उरलेला घोळ साचा तिरका करून हळूहळू ओतायचा. एकदम उपडा केला तर आत हवा शिरत नाही आणि ओली भिंत आत ओढली जाते.

साच्याच्या जोडाची रेघ नुसती खरवडून भागत नाही, भाजल्यावर पुन्हा डोकं काढते. ती कप ओलसर असतानाच लाकडी पट्टीने दाबून घेतात. खरवडलेल्या मातीत प्लास्टरचा कण गेला तर ती माती पुन्हा घोळात घालायची नाही. भाजल्यावर तो कण ओल धरून फुगतो, वरचा टवका उडतो.

सोलापूरचा उन्हाळा साच्यांना मानवतो: तीन-चारदा वापरून ओले झाले की सावलीत ठेवले तरी वाळतात. भट्टीजवळ मात्र नको, 50 अंशांच्या पुढे प्लास्टर भुसभुशीत होतं. कपांचं उलटं. गरम वाऱ्यात काठ आधी सुकतो, वाकतो, कानाच्या जोडाला चीर जाते. म्हणून ते प्लास्टिकखाली झाकलेले.

पहिली भाजणी 950 ते 1,000 अंशांची, मग ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप, मग दुसरी भाजणी 1,220च्या पुढे. 10 सेंटिमीटरचा कप आक्रसून 9च्या आत येतो, त्यामुळे साचा मोठाच घडवावा लागतो.

बघायला जायचं तर सकाळी जा, ओतकाम तेव्हाच चालतं.