ऐकायची खुर्ची: वीण झाली, आता कान आणि भिंत

स्पीकरवर गाणं ऐकायला बसायच्या सागवानी खुर्चीची वेताची वीण पुरी झाली. भोकं 12 मिमी अंतरावर, वेत अडीच मिमीचा. पद्धत जुनीच, सहा फेऱ्यांची: दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या. वेत कोमट पाण्यात 20-25 मिनिटं भिजवला की पुरे. रात्रभर ठेवला तर काळवंडतो. पहिल्या फेरीला फार ताण देऊ नये. वेत सुकताना आपसूक आवळतो, आणि आधीच तंग असला तर भोकाच्या कडेशी तुटतो. तिरक्या फेरीत तो सरकन गेला पाहिजे. खरखरत, अडकत जात असेल तर जोडीच्या चुकीच्या बाजूने गेलाय. तिथेच मागे घ्यावा. रेटला की कडांना कुसळं निघतात.

पुढच्या उजव्या पायाची कुरकुर गेली. जुन्या सरसावरच फेविकॉल ओतला तर सांधा धरत नाही, लाकूड उघडं लागतं. सरस खरवडून, दोरीचा पीळ देऊन 24 तास ठेवला. विलंबित आलापीत ही कुरकुर तंबोऱ्याइतकीच स्पष्ट ऐकू येते!

पाठ मुद्दाम खांद्याशी थांबवली आहे. रेक्झिनची उंच पाठ दुकानात बसून पाहताना सुखाची वाटते, पण ती कानामागे 8 सेंमीवर असली तर परतणारा आवाज 16 सेंमी जास्त फिरून येतो आणि 1100 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो. गळा डब्यातून आल्यासारखा लागतो. अशा पाठीवर जाड टॉवेल दुमडून टाकून पाहा. फरक पडला तर दोष खुर्चीचाच. मानेला आधार हवाच असेल तर कापसाची छोटी उशी, कानाच्या खाली.

मागच्या भिंतीचंही गणित तेच. कान भिंतीपासून 62 सेंमीवर आला की आवाज खाल्ला जाणारा खड्डा नेमका 138 हर्ट्झला पडतो, म्हणजे काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी) षड्जावरच. गायक पुरुष आणि पट्टी काळी एक, तर सा पोकळ. (दिवाण भिंतीला टेकवलेल्या घरांत याची कोणाला शंकाही येत नाही.) खुर्ची पुढे ओढून कान 110 सेंमीवर आणला, खड्डा 78 हर्ट्झला उतरला, गळ्याच्या वाटेतून बाजूला.

उरलंय ते स्पीकरचं. खुर्ची बुटकी, कान ट्वीटरच्या (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) 12 सेंमी खाली, अंतर 2 मीटर. खुर्चीचे पाय उंचावले तर तळवे लोंबतात, म्हणून स्पीकरच्याच मागच्या कडेखाली दीड सेंमीचे रबरी ठोकळे घालायचे आहेत. खोक्याची खोली 25 सेंमी असल्याने कानाकडे तेवढा कल पुरेल.