रोज आणि रोजची भाकर

सोमवार, रात्री

आज संध्याकाळी स्वयंपाकघरातले डबे उतरवून पाहिले, तेव्हा ज्वारीच्या पिठात अळ्या झालेल्या दिसल्या आणि मागच्या डब्यातल्या रव्याला जाळी धरलेली होती. जुलैचा पाऊस, भिंतींना आलेली ओल आणि मे महिन्यात मी एकदम दळून आणलेले दहा किलो पीठ. घरात माणसे मात्र दोन. पीठ टाकून देताना हात जड झाले, कारण ज्या घरात मी वाढले त्या घरात अन्न टाकण्याची वेळ कधी येतच नसे.

इतके भरून ठेवण्याची ही सवय मला २६ जुलै २००५ पासून लागली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मी फोर्टमधल्या कचेरीत रात्रभर अडकून पडले. भांडुपच्या घरात मुलगा एकटा होता आणि डब्यात काय आहे काय नाही, एवढा एकच विचार रात्रभर डोक्यात फिरत राहिला. त्यानंतर २०२० ची टाळेबंदी आली आणि भरलेला डबा म्हणजे सुरक्षित घर, हे माझ्या मनाने कायमचे धरून ठेवले.

डबे धुऊन पालथे घातल्यावर बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा सोळावा अध्याय आठवला आणि जेवणापूर्वी तो काढून वाचला. संडे स्कूलमध्ये आम्ही तो चमत्काराची गोष्ट म्हणून ऐकला होता. रानात दहिवर सुकल्यावर जमिनीवर धण्यासारखे पांढरे काहीतरी पडलेले दिसते, मिसरातल्या गुलामीतून सुटून आलेले इस्राएली लोक एकमेकांना 'हे काय आहे' असे विचारतात आणि त्यालाच मान्ना हे नाव पडते. चव मधात केलेल्या पोळीसारखी, हे आम्हा मुलांना फार आवडायचे. त्यातल्या अळ्यांकडे मात्र माझे लक्ष आज प्रथमच गेले. माणशी एक ओमर गोळा करा आणि त्यातले सकाळपर्यंत काही ठेवू नका, असे त्यांचा पुढारी मोशे याने सांगितले होते. एक ओमर म्हणजे सुमारे दोन लिटरचे माप. तरी काहींनी ठेवले, त्यात किडे पडले आणि त्याला घाण येऊ लागली. सहाव्या दिवशी मात्र, शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी म्हणून, दुप्पट गोळा करून ठेवण्याची आज्ञा होती, आणि त्या दिवशी ठेवलेले नासले नाही.

मी दोन्ही वाक्ये पुन्हा पुन्हा वाचली. पदार्थ तोच, ठेवणारे हातही तेच; मग एक रात्रीत नासते आणि दुसरे टिकते, ते कशामुळे? मला वाटते, पहिले भीतीने ठेवलेले होते आणि दुसरे विसाव्यासाठी ठेवलेले होते. शिवाय ही माणसे कोण होती, हेही विसरून चालणार नाही. त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात लिहिले आहे की त्यांनी मिसरचा राजा फारो याच्यासाठी पिथोम आणि रामसेस ही भांडारांची नगरे बांधली होती. दुसऱ्याची कोठारे बांधण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना कोठाराशिवाय एक दिवस कसा काढायचा हे शिकायला चाळीस वर्षे लागली. मला वीस वर्षांची सवय एका रात्रीत सुटेल, अशी अपेक्षा मी कशी करावी?

मंगळवार, पहाटे

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आज एका ओळीवर थांबले ती थांबलेच: 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.'

मूळ ग्रीकमध्ये या ओळीतला 'रोजची' हा शब्द फार अवघड मानला जातो. 'एपिऊसिओस' हा तो शब्द नव्या करारात या प्रार्थनेपुरताच, म्हणजे मत्तय आणि लूक यांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांत, शुभवर्तमानांत, अनुक्रमे सहाव्या आणि अकराव्या अध्यायात, आढळतो आणि त्याचा अर्थ 'आजच्या दिवसाची', 'उद्याची' की 'जगण्यापुरती' यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने शुभवर्तमानांचे लॅटिन रूप सिद्ध केले, त्यात तर या एकाच शब्दासाठी मत्तयात एक आणि लूकमध्ये दुसराच शब्द आला आहे. इतक्या विद्वानांना जो शब्द पुरता उलगडला नाही, त्याचा अर्थ माझ्या आईला आयुष्यभर अगदी स्पष्ट होता, आणि तो तिला मराठीने दिला होता.

आई नगर जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे, आणि घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी होत असे, जिची चव आठवली की ती अखेरपर्यंत तोंड वाकडे करी. तिच्या बोलण्यात 'पगार' हा शब्द कधी आला नाही. तिला मिळायचा तो 'रोज'. कामावर जाता आले नाही तर 'रोज बुडाला', अंगात ताप असूनही गेली तर 'रोज भरला'. ज्या बाईच्या तोंडी 'रोज' म्हणजे दिवसाची मजुरी होती, ती संध्याकाळी हात जोडून 'आमची रोजची भाकर' म्हणे तेव्हा तिच्या कानाला त्यात काय ऐकू येत असेल? भाषांतरकारांच्या मनात हा दुसरा अर्थ नसणार, हे मला कळते. पण भाषेने तो आपल्या पदरचा घातला, आणि मूळ प्रार्थना ज्यांच्यासाठी होती, त्या गालीलातल्या कोळ्यांना आणि रोजंदारीच्या मजुरांना तो परका वाटला नसता.

आणि 'भाकर' हा शब्द तरी किती योग्य आहे. मुंबईत आम्ही प्रभुभोजनाला पावाचे तुकडे घेतो, पण पाळक तो उचलून मोडतात तेव्हा 'भाकर' असेच म्हणतात. भाकरी शिळी होते. दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून ती आम्ही पुष्कळ खाल्ली आहे, तिसऱ्या दिवशी मात्र ती कुणाच्या कामाची राहत नाही. येशूने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा एका मुलाजवळ ज्या पाच भाकरी होत्या, त्याही योहान मुद्दाम सांगतो की जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाघरच्या. आईने पंचवीस वर्षांपूर्वी डोळे मिटले. ही ओळ म्हणताना आजही मला तिचा पिठाने माखलेला उजवा तळवा दिसतो.

ओळीतला पहिला शब्द 'माझी' असा नसून 'आमची' असा आहे, हे मी इतकी वर्षे म्हणते आहे. त्याचा अर्थ लागायला मला आणखी दोन दिवस जायचे होते.

गुरुवार

सकाळी स्टेशनकडे जाताना मजुरांच्या नाक्यावरून जावे लागते. आठ वाजता तिथे शंभरएक माणसे उभी असतात: गवंडी, बिगारी, रंगारी, प्लास्टरवाले, कुणाच्या हातात थापी, कुणाच्या पिशवीतून डोकावणारा रंगाचा ब्रश, आणि पावसात प्लास्टिकची गोणपाटे डोक्यावर घेतलेल्या बायका. मुकादम येतो, बोटाने दोघाचौघांना वेचतो आणि टेम्पोत बसवून नेतो. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, त्यामुळे वेचले जाणारे कमी आणि मागे राहणारे जास्त असतात. आज मला कचेरीत उशिरा जायचे होते, म्हणून मी अकराच्या सुमारास तिथून गेले, तर सहा-सात माणसे अजून बंद दुकानाच्या पायरीवर बसलेली होती. अकरा वाजल्यानंतर त्या दिवसाचे काम मिळत नाही, हे नाक्यावरच्या सगळ्यांना ठाऊक असते. तरी ती माणसे घरी गेली नव्हती.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला मी लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर वाचला. मळ्याचा मालक पहाटे जातो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला जातो आणि शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे आपल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास, पुन्हा बाजारात जातो. 'तुम्ही सारा दिवस येथे रिकामे का उभे आहात?' असे तो विचारतो, तेव्हा 'आम्हांला कोणी कामावर लावले नाही' एवढेच ते म्हणतात. संध्याकाळी तो सगळ्यांना एकेक दिनार देतो, आणि दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. आयुष्याच्या अखेरीस विश्वास ठेवणाऱ्यालाही देव तितकेच तारण देतो, असा या दाखल्याचा अर्थ मी अनेक उपदेशांतून ऐकला आहे आणि तो मला मान्यही आहे. पण नाक्यावरून नुकत्याच आलेल्या माणसाला त्याआधी दुसरे काही दिसते. त्या उशिरा आलेल्या मजुराच्या घरी चूल पूर्ण दिवसाचीच पेटते. एका तासाचे पैसे दिले असते, तर हिशेब बरोबर आला असता आणि पोरे उपाशी झोपली असती. मालकाने काम किती झाले हे पाहिले नाही. या माणसाच्या घरी आजची भाकर कितीला पडते, हे पाहिले.

विक्रोळी गेले आणि मला मावशी आठवल्या.

मावशी आमच्याकडे भांडी आणि लादी करतात, महिना अठराशे रुपयांवर. गेल्या महिन्यात पाऊस कोसळला, रुळांवर पाणी आले, त्यांच्या वस्तीतही गुडघाभर पाणी होते आणि त्या तीन दिवस आल्या नाहीत. महिनाअखेर मी अठराशेला तिसाने भागले, तिनाने गुणले आणि एकशे ऐंशी रुपये कापून घेतले. मी आयुष्यभर हिशेब लिहिण्याचे काम केले आहे, माझ्या आकड्यात चूक नव्हती. त्यांनी पैसे मोजले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता पिशवीत ठेवले. त्याच तीन दिवसांपैकी दोन दिवस गाड्या नव्हत्या म्हणून मीही कचेरीत गेले नव्हते, आणि माझ्या पगारातून एक पैसाही कापला गेला नव्हता. तेव्हा हे माझ्या मनात आले नाही असे मला लिहायचे होते. पण रोजनिशीत खोटे लिहून काय मिळवायचे? मनात आले होते, आणि मी ते बाजूला सारले होते. खडी फोडणाऱ्या बाईची मुलगी मी, आणि दुसऱ्या बाईचे तीन रोज माझ्या हाताने बुडाले.

रात्री बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा चोविसावा अध्याय काढला. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्यावर लागलेले असते, असे तिथे सांगितले आहे. त्याचे मन तिच्यावर लागलेले असते! आज्ञा देणाऱ्याला संध्याकाळी पाच वाजता मजुराच्या मनात काय चालते, हे ठाऊक आहे. लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातही तेच आहे: मजुराचे वेतन सकाळपर्यंत तुझ्याजवळ राहू नये. सोमवारी वाचलेला 'सकाळपर्यंत' हाच शब्द पुन्हा समोर आला आणि मी पुस्तक मांडीवर तसेच उघडे ठेवून बसून राहिले. सकाळपर्यंत ठेवून नासते ते फक्त माझ्या डब्यातले पीठ नाही. दुसऱ्याची मजुरीही नासते, आणि माझ्याकडे ती तीन आठवडे पडून होती.

शुक्रवार

मनात एक शंका उरली होती. मग योसेफाचे काय? उत्पत्ती या पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात तो मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवतो, आणि त्याला कुणी दोष देत नाही. उलट लूकच्या बाराव्या अध्यायातला धनवान मोठी कोठारे बांधायला निघतो, तर देव त्याला मूर्ख म्हणतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तेव्हा त्या धनवानाचे बोलणे कानाला खटकले: माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य. योसेफाने दुष्काळात कोठारे उघडली. माझ्या स्वयंपाकघरातला साठा यांपैकी कोणता, हे ठरवायला मला फार विचार करावा लागला नाही.

आणि सारफथ गावची ती गरीब विधवा. दुष्काळात उरलेल्या मूठभर पिठाची एलीया संदेष्ट्याला भाकर करून दिल्यावर तिचे मडके काठोकाठ भरले, असे कुठेही लिहिलेले नाही. मडक्यातले पीठ सरले नाही आणि कुपीतले तेल आटले नाही, एवढेच आहे. पाऊस पडेपर्यंत ती रोज तळाशी हात घालत असेल आणि रोज त्या दिवसापुरते निघत असेल.

रविवार

उपासनेहून येताना चक्कीवरून दोन किलो ज्वारी दळून घेतली. एरवी माझे मोठे दळण पाहायची सवय असलेल्या चक्कीवाल्याने 'एवढंच?' असे विचारले.

मावशी चार वाजता आल्या. मी त्यांच्या हातात एकशे ऐंशी रुपये ठेवले आणि ते कशाचे ते सांगितले. त्यांनी नोटा न मोजता तशाच धरून ठेवल्या.

"पण ताई, मी आले कुठे होते ते तीन दिवस?"

"गाड्या बंद होत्या, मावशी. मीही गेले नव्हते कामाला. माझा पगार कुणी कापला नाही आणि मी तुमचा कापला. चुकलं माझं."

त्या थोडा वेळ ओट्याजवळ उभ्या राहिल्या. "त्या महिन्यात नातीच्या वह्या राहिल्या होत्या घ्यायच्या," एवढे म्हणून त्यांनी पैसे पिशवीत ठेवले, पदर खोचला आणि नळ सोडला. भांडी झाल्यावर त्यांनी सोमवारपासून पालथे पडलेले माझे रिकामे डबे कोरड्या फडक्याने पुसून काढले, आणि यांतले कोणते वर ठेवायचे, असे विचारले.