क्रॉसमॅचनंतरची सकाळ

आदल्या रात्री ज्यांना किडनी मिळायची होती, त्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला डायलिसिसला हजर. वजनकाट्यावर उभ्या राहिल्या, हात साबणाने धुतला आणि आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. मी डायलिसिस विभागात नर्स आहे. असे रिकाम्या हाताने परतलेले पेशंट मी पूर्वीही पाहिलेत. त्या दिवशी बहुतेक जण भिंतीकडे तोंड करून पडतात. काही जण यायचंच टाळतात आणि मग अंगात पाणी साठून, धाप लागून, रात्री-अपरात्री इमर्जन्सीत दाखल होतात.

मेंदूमृत दात्याची किडनी उपलब्ध झाली की बऱ्याचदा प्रतीक्षायादीतल्या एकापेक्षा जास्त जणांना बोलावून घेतात, कारण ऐनवेळच्या चाचणीत कोण टिकेल याचा नेम नसतो. पेशंटचा सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, आणि दात्याच्या पांढऱ्या पेशी एकत्र करून पाहतात, हीच क्रॉसमॅच. पेशंटच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी निघाल्या तर किडनी लावून उपयोग नाही, शरीर ती झपाट्याने निकामी करू शकतं. बाळंतपण, पूर्वीचं प्रत्यारोपण, रक्त चढवणं, यांतून अशा अँटिबॉडी तयार होऊ शकतात. बाईंना आजाराच्या सुरुवातीला बरंच रक्त चढवावं लागलं होतं. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, म्हणजे अँटिबॉडी निघाल्या. उपाशीपोटी रात्र काढून त्या पहाटे घरी गेल्या आणि तिथून आमच्याकडे.

फिस्तुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीत, दोन जाड सुया लावताना मी काही बोलले नाही. मी स्वतः ख्रिस्ती घरातली. अशा वेळी आपली माणसं काय काय बोलतात ते लहानपणापासून ऐकलंय, म्हणूनच गप्प राहिले.

बोलणारं कोणीतरी आलंच. बाईंच्या चर्चमधल्या एक भगिनी भेटायला आल्या आणि उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "प्रभूची काहीतरी मोठी योजना असणार, बाई. तो तुमचा विश्वास पारखतोय."

बाईंनी डोळे उघडले. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलेलं, आवाज अजून वर्गातलाच. "ईयोबाचे मित्र आले ना, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. तोंडातून चकार शब्द नाही. त्यांनी केलेलं तेवढंच काय ते बरोबर. तुम्हीही बसा जरा." ईयोब म्हणजे बायबलमधला तो सज्जन माणूस, ज्याच्यावर संकटांमागून संकटं आली; पुढे मित्र बोलू लागले तेव्हा त्यांनी त्यालाच दोष दिला.

त्या भगिनी खरंच बसल्या. रागावल्या नाहीत. भेटीची वेळ संपेपर्यंत बाईंचा मोकळा हात धरून बसल्या होत्या, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

शेजारच्या खुर्चीतल्या मुलाने कानातले हेडफोन काढले होते. विशीतला मुलगा, डायलिसिस नुकतंच सुरू झालेलं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास, हे गणित त्याच्या अजून पचनी पडलं नव्हतं. पाण्याचं पथ्य तो मुद्दाम मोडायचा. दोन डायलिसिसच्या मध्ये प्यायलेलं पाणी लघवीवाटे जात नाही, अंगात राहतं, वजन वाढतं. मग ते सगळं मशीनने एका बैठकीत ओढायचं म्हटलं की बीपी कोसळतं, पायात गोळे येतात. त्या सकाळी त्याचंच बीपी कोसळलं. मी पाणी ओढणं थांबवलं, पाय वर केले, सलाईन सोडलं. सावरल्यावर त्याने बाईंना सरळच विचारलं, "बाई, तुमच्या देवाने काल असं का केलं?"

"मला माहीत नाही."

"मग प्रार्थना कसली करता?"

बाईंनी त्याला येशूच्या शिष्यांची गोष्ट सांगितली. जन्मांध माणूस पाहून त्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, कोणाचंच नाही. देवाची कामं याच्या ठायी दिसावीत म्हणून. मग त्याने माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावली आणि डोळे धुवायला पाठवलं.

मुलगा हुशार. "म्हणजे स्वतःची कामं दाखवायला देवाने आधी त्याला आंधळा केला?"

"ते वाक्य मलाही टोचतं," बाई म्हणाल्या. यावर त्यांनी सारवासारव केली नाही हे मला फार आवडलं. मी कितीतरी प्रवचनं ऐकलीत ज्यांत या ठिकाणी वक्ता घाईने पुढे सरकतो.

मग त्यांनी रात्रीची हकिकत सांगितली, जी मलाही ठाऊक नव्हती. त्यांच्याबरोबर बोलावलेला दुसरा पेशंट तिथेच बाकावर बसला होता. त्याची क्रॉसमॅच जुळली. पण हे कळल्यावर तो उठेचना. बाईंच्या नजरेला नजर देईना. एका घरात माणूस गेलं म्हणून आपल्याला किडनी, आणि समोर बसलेल्या बाईंना नाही, याचं त्याला ओझं झालं होतं. बायको समजावत होती, डॉक्टर समजावत होते. बाई उठून त्याच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "जा रे बाबा. माझं काही घेऊन चालला नाहीस." त्याच्यासाठी आणि दात्याच्या घरच्यांसाठी त्यांनी तिथेच प्रार्थना केली. तो गेला.

"ते वाक्य डॉक्टरांनी म्हणून चाललं नसतं," बाई मुलाला म्हणाल्या. "ते म्हणायचा हक्क त्या बाकावर फक्त माझा होता, कारण मला मिळाली नव्हती. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, देव संकटात आपलं सांत्वन करतो ते आपण दुसऱ्या संकटातल्यांचं करावं म्हणून. मी हे इतक्यांदा वाचलंय, पण काल ते माझ्या हातून घडलं. आता यासाठी प्रभूने माझी क्रॉसमॅच बिघडवली, असं मात्र मी म्हणणार नाही. ती बिघडलेलीच होती. तिचं काय करायचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं, आणि ते करायला त्याने मला उभं केलं."

बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात एक साखळी आहे: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. माझ्या विभागात ती पहिल्याच कडीला तुटलेली मी रोज पाहते. आजाराने माणसं कडवट होतात, घरच्यांवर डाफरतात, विश्वास सोडतात, आणि त्यात त्यांचा काही दोष आहे असं मला वाटत नाही. दुःख आपोआप कोणाला मोठं करत नाही. म्हणून बाईंचं म्हणणं मला त्यांच्या तोंडीच शोभतं. तेच मी त्या मुलाला सांगितलं असतं तर मी ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसले असते.

सुया काढून मी फिस्तुलावर बोळा दाबून धरला होता तेव्हा मुलाने विचारलं, "त्या ईयोबाला शेवटी कारण कळलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वाचणाऱ्याला पहिल्या दोन अध्यायांतच कळतं, त्याला बेचाळिसाव्यापर्यंत कोणी सांगत नाही. देव बोलतो ते वादळातून, आणि तेही रानबकऱ्या आणि शहामृगाबद्दल."

"मग तो गप्प कसा बसला?"

"गप्प कुठे? आधी देवाशी चांगला भांडला. आणि देवाने दोष दिला तो समजूत घालायला आलेल्या मित्रांना. त्यांच्यासाठी प्रार्थना ईयोबालाच करावी लागली."

"मला हे पटत नाही, बाई."

"नको पटू दे. पाणी कमी पी."

पुढच्या खेपेला त्याचं वजन नेहमीपेक्षा कमी वाढलेलं होतं. का, ते मी विचारलं नाही. त्याने मात्र क्रॉसमॅच म्हणजे नेमकं काय, स्वतःचं नाव यादीत कसं घालायचं, हे मला खोदून खोदून विचारलं, आणि बाईंच्या शेजारचीच खुर्ची मागून घेतली.